चेहरा दाखवा

नाशिकला द्वारका चौकात माझं फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्डं छापायचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर निकिता गायधनीचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, उन्हाळ्यात नुसताच आवाज करणारा एक जुना एसी, आणि दारावर मीच छापून दिलेली पाटी: 'वेबसाइट, जाहिरात, सल्ला'. सल्ला हा शब्द तिनं हट्टानं घालायला लावला होता. मी म्हटलं, "अगं, सल्ल्याचे पैसे कोण देतं?" ती म्हणाली, "दीपककाका, वेबसाइट कुणीही करून देतो. तिच्यात काय टाकायचं नाही, हे सांगायला माणूस लागतं."

निकिता मूळची पळशाची. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या कामावर कंत्राटी होते. मुलीनं नाशिकरोडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, पुण्यात एका कंपनीत काही वर्षं काढली, आणि वडिलांना धाप लागायला लागली तशी परत आली. लग्नाचा विषय आईनं काढला की ती लॅपटॉप उघडायची. बोलायला तिखट, पण कामाला चोख. तिच्याकडे आलेलं गिऱ्हाईक आधी थोडं दुखावायचं आणि मग टिकायचं.

एकदा मंगल कार्यालयवाले एक शेठ आले होते. मी बिल द्यायला वर गेलेलो. निकितानं त्यांची जुनी वेबसाइट मोबाइलवर उघडली आणि त्यांच्या हातात दिली. ती उघडेपर्यंत आमचा चहा आला.

"शेठ, यात गणपती आहे, उडणारे गुलाब आहेत, सनई वाजतेय. पण हॉलमध्ये माणसं किती बसतात, गाड्या कुठे लावायच्या, आणि फोन कुणाला करायचा, ते कुठे आहे?"

"खाली असेल," शेठ म्हणाले.

"मुलीचा बाप खालपर्यंत जात नाही. तो पुढच्या कार्यालयात जातो."

शेठनी गुलाब काढायला परवानगी दिली.

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून तिच्याकडे कामं वाढली होती. लॉजवाले, गाडीवाले, बेदाणेवाले. सगळ्यांना ती शेवटी एकच गोष्ट सांगायची. इंटरनेटवरून उचललेले गोऱ्या, हसऱ्या माणसांचे फोटो लावू नका. तुमच्या दुकानातलं खरं माणूस दाखवा. चेहरा दाखवा. लोक वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत, चेहऱ्यावर ठेवतात. हे ती इतक्या वेळा म्हणायची की जिन्यातून चढताना माझ्याही तोंडात ते यायचं.

सविता भोये तिला भेटली ती एका प्रदर्शनात. सविता पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. कोकणा समाजातली, बारावीपर्यंत शिकलेली, हुशार. पाड्यावरच्या बायकांचा गट करून ती नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड, बिस्किटं आणि मोहाचे लाडू विकायची. माल उत्तम, पण प्रदर्शनातले चार दिवस सोडले तर तो पोचत कुठेच नव्हता. निकितानं तिथंच पापड भाजून खाल्ला आणि म्हणाली, "मी तुला साइट करून देते. चालायला लागली की मग फी दे."

डिसेंबरात ती पाड्यावर गेली, कॅमेरा घेऊन. भात काढून झालं होतं. सविताची सासू ठमाबाई अंगणात पापड वाळत घालत होती. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, दोन दात पडलेले, चेहऱ्यावर नांगरलेल्या शेतासारख्या रेघा. ठमाबाई त्यांच्या कोकणा बोलीत बोलते, आपल्याला निम्मं कळतं. निकितानं फोटोसाठी विचारलं तेव्हा तिनं सुनेला काहीतरी विचारलं.

"आई विचारते, या तोंडाचं काय करणार?" सविता म्हणाली.

"पापड विकायला," निकिता म्हणाली.

ठमाबाई मोठ्यानं हसली. निकितानं तेच टिपलं. फोटोही काढला आणि ती हसत हसत काही बोलत असल्याची छोटी चित्रफीतही.

तो फोटो लागला आणि साइट चालली. पुण्यामुंबईहून मागण्या यायला लागल्या. सविताच्या गटात आणखी बायका आल्या, पेठच्या बाजारातून पुठ्ठ्याची खोकी यायला लागली. निकिताला इतका आनंद झाला होता की तिनं तोच फोटो आणि तीच चित्रफीत स्वतःच्या वेबसाइटवर 'आमचं काम' म्हणून पहिल्याच पानावर टाकली. सविताच्या साइटवर तो कापून लहान केलेला होता. स्वतःच्या पानावर तिनं तो पूर्ण ठेवला, मोठा, अगदी स्वच्छ. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तो दाखवायची. या आजीकडे बघून तुम्ही पापड घेणार नाही का?

त्याबद्दल ठमाबाईला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी ठमाबाई हो म्हणाली असती. पण विचारलं नव्हतं, हे नंतर निकिता कधी विसरू शकली नाही.

वर्ष उलटलं असेल. एक दिवस दुपारी तिला आईचा फोन आला. मी समोरच बसलो होतो, एका बोर्डाचं डिझाइन बघत.

"निकी, तुझी ती पापडवाली आजी टीव्हीवाल्यांसारखी बोलते की गं! तिचं शुगरचं चूर्ण आलंय. बायकांच्या ग्रुपवर आलंय. तुझ्या पप्पांसाठी मागवू का?"

निकिता हसली. "कुठली आजी?"

आईनं पाठवलं. निकितानं ते लावलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं फोन माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर ठमाबाई होती. तेच अंगण, मागे तेच पापड, तेच गोंदण. आणि ती बोलत होती. शुद्ध, पुस्तकी मराठीत. "बाळांनो, मी चाळीस वर्षं डोंगरातल्या वनस्पतींनी लोकांची साखर बरी करते आहे. माझं ऐका, त्या गोळ्या सोडून द्या. गोळ्यांनीच तुमची किडनी जाते." ओठ शब्दांबरोबर हलत होते. शेवटी ती हसली, आणि ते हसू खरं होतं. निकितानं टिपलेलं. खाली लिहिलं होतं, पैसे घरपोच माल मिळाल्यावर द्या.

"काका, तिला असं मराठी येत नाही," निकिता म्हणाली. "हे तिला कुणीतरी कॉम्प्युटरवर बोलायला लावलंय."

मग तिनं आईला फोन करून ओरडून सांगितलं, मागवू नको, कुणालाच मागवू देऊ नको. आई म्हणाली, "पण किती खरं बोलते गं ती."

त्या संध्याकाळी निकितानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. जाहिरातीतल्या चित्रात अंगणाच्या कडेला एक निळी घागर होती. सविताच्या साइटवरच्या फोटोत ती घागर कापली गेली होती. पूर्ण फोटो जगात एकाच ठिकाणी होता, निकिताच्या स्वतःच्या पानावर. तिथूनच तो उचलला होता.

तिनं तो लगेच काढून टाकला. त्याचा उपयोग नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

मग तक्रारी सुरू झाल्या. ज्या कंपनीच्या ॲपवर ही जाहिरात चालायची तिथं तिनं तक्रार नोंदवली. यंत्राचं उत्तर आलं की, आम्ही तपासलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तिनं पुन्हा केली. एक पान बंद झालं, त्याच्या जागी त्याच नावापुढे एक टिंब लावून दुसरं उघडलं. सायबर पोलिसांकडे गेली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, आणि सांगितलं की असल्या गोष्टींचे धागे तीन राज्यांतून फिरतात, वेळ लागेल. तिनं ते चूर्ण स्वतः मागवून बघितलं. पाकिटावरचा पत्ता लांबच्या एका शहरातल्या गोदामाचा होता आणि फोन लागत नव्हता. आत तपकिरी भुकटी. पाकिटावर ठमाबाई हसत होती.

सविताला सगळं सांगायला ती पाड्यावर जाणारच होती. दर आठवड्याला म्हणायची, पुढच्या रविवारी जाते. तेवढ्यात सविताचाच फोन आला.

"ताई, माणसं आलीत. मनमाडहून. आईला ओरडतायत. काय झालंय आम्हाला काही कळंना."

मागून एका माणसाचा आवाज येत होता, चिरका, थरथरता. "हिच्यामुळं माझ्या बायकोचा पाय गेला! ही बसलीय पापड लाटत!"

"स्पीकरवर टाक," निकिता म्हणाली. ती जिवाच्या आकांतानं बोलत राहिली, ते खोटं आहे, फोटो चोरलाय, आजींचा काही संबंध नाही. पण तिकडे फोन कुणाच्या हातात होता कुणास ठाऊक. नंतर नुसता कुत्र्याचा आणि कोंबड्यांचा आवाज यायला लागला.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस द्वारकेला आला. पापडाच्या पाकिटावर तोच चेहरा बघून ते पाड्यावर पोचले होते, आणि सविताच्या साइटवर खाली निकिताचा पत्ता होता. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. नाव सावळीराम खैरनार. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आता रिटायर. आदल्या दिवशी भाचे सोबत होते, आज एकटे आले होते. मी त्यांना जिना दाखवला आणि निकिताच्या काळजीनं मागोमाग वर गेलो.

त्यांनी पिशवीतून चूर्णाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"हा फोटो कोणी काढला?"

"मी काढला," निकिता म्हणाली.

मला वाटलं ते आता हात उचलतात. ते खुर्चीवर बसले.

"आमच्या मंडळीला शुगर हे. पंधरा वर्षं गोळ्या खात व्हती. मी डबीत भरून द्यायचो. ह्या बाईला बघितलं आन म्हणायला लागली, आता नाय खाणार. मी म्हटलं डॉक्टरला विचारू. तर म्हणे, डॉक्टरपेक्षा हिला जास्त कळतं, हिच्या तोंडावर लिहिलंय. मला दाखवायची, डबी रिकामी झाली बघा. गोळ्या मोरीत टाकायची. पायाला बारीक जखम झाली, मला सांगितली नाय. दोन बोटं काढली. आता डॉक्टर म्हणतो, अजून वर जायला नको म्हणजे झालं."

निकितानं त्यांना सगळं सांगितलं. फोटो कसा काढला, कुठे ठेवला, कुठून चोरला. स्वतःच्या पानाबद्दलही सांगितलं. तिनं ते लपवलं असतं तर त्यांना कळलंही नसतं.

"मग करा ना बंद!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "तुमचाच धंदा ना हा? लोकांना दाखवायचं तुम्हाला येतं, बंद करायला येत नाय?"

तिनं त्यांच्यापुढे लॅपटॉप फिरवला. केलेल्या सगळ्या तक्रारी आणि आलेली सगळी उत्तरं. ते चष्मा लावून वाचत बसले. खाली चौकात बसवाले हॉर्न मारत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ह्यात माणूस एकबी नाय का, बोलायला?"

"नाही सापडला अजून," निकिता म्हणाली.

ते दोघं मिळून पुन्हा सायबर पोलिसांकडे गेले. आता तक्रारीला दवाखान्याचे कागद जोडले गेले.

पाड्यावर मात्र गोष्टी बिघडत गेल्या. मनमाडच्या माणसांनी आरडाओरडा केला तो सगळ्यांनी ऐकला होता. कुणाच्या तरी मोबाइलवर ती जाहिरात आली. गटातल्या बायकांनी हिशोब लावला, की भोयांची म्हातारी जाहिरातीत औषध विकते, म्हणजे सविताला त्याचे पैसे मिळतात, आणि आपल्याला पापडावर भागवतात. सवितानं शपथा घेतल्या. एकेक बाई यायची थांबली. सविताचा नवरा मनोज पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामावर होता. तो आला, त्यानं फोन आपटला, सविताशी भांडला आणि परत गेला.

ठमाबाईनं ती चित्रफीत सुनेच्या फोनवर तीनदा बघितली. मग एवढंच विचारलं की हिला बोलायला कोणी शिकवलं. त्यानंतर कुणी मोबाइल हातात घेतला तरी ती पदर ओढून घ्यायची. समोरचा वेळ बघत असला तरी.

एके दिवशी सविताचा फोन आला. "ताई, साइट बंद करा. पूर्ण."

"फोटो तर मी कधीच काढलाय सविता. साइट राहू दे, तुमचा माल—"

"बंद करा ताई." ती रागावली नव्हती, त्यामुळे निकिताला ते जास्त लागलं. तिनं माझ्यादेखत साइट बंद केली. त्या साइटसाठी तिनं रात्रंदिवस काम केलं होतं.

त्या दिवसांत ती कामात चुकायला लागली. एका दातांच्या डॉक्टरांनी तिला साइट करायला दिली होती. त्यांना वेटिंगमध्ये बसलेल्या पेशंटचे हसरे फोटो हवे होते. निकिता म्हणाली, "नको." डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, चेहरा दाखवा." डॉक्टर दुसरीकडे गेले. मी तिला समजावलं, चूक तुझी नाही, चोराची आहे. ती म्हणाली, "काका, चोर कोण ते मला माहीत नाही. आजी माहीत आहे आणि मी माहीत आहे."

उन्हाळा लागायच्या सुमाराला सावळीरामांचा फोन आला.

"मॅडम, त्या म्हातारीला मी लय बोललो. घरात चैन नाय पडत. मंडळी म्हणती, जाऊन पाया पडून या. तीबी येते म्हणती."

"त्यांना पायानं जमेल?"

"ती ऐकत नाय."

माझी ईको गाडी आहे. मी म्हटलं, मी नेतो. सकाळी त्यांना नाशिकरोड स्टेशनवरून घेतलं. सिंधुबाई ठेंगणी, गोरी, बोलकी. पायाला जाड पांढरं बँडेज, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पेठ रोडला लागेपर्यंत त्यांनी मला माझी मुलं, सून, बायकोचं माहेर सगळं विचारून घेतलं. सावळ घाटात मात्र त्या पायावरची पिशवी पुन्हा पुन्हा सारखी करायला लागल्या.

पाड्यावर ठमाबाई ओसरीवर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. सावळीराम पुढे झाले आणि खरंच वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दचकली. सविताला काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते, माणसानं असं नको करू," सविता म्हणाली.

सिंधुबाईंना खाट दिली. पाणी झालं, कोरा चहा झाला. ठमाबाई सिंधुबाईंच्या पायाकडे बघत होती. मग जवळ येऊन खाली बसली आणि पिशवीवरूनच त्या पायावर हात ठेवला. तिनं हळू आवाजात काही विचारलं. सविता सांगेना.

"काय म्हणतायत?" सिंधुबाई म्हणाल्या. "सांग की गं."

"आई विचारते, मी सांगितलं म्हणून तू गोळ्या सोडल्या का?"

सावळीराम पटकन म्हणाले, "नाय नाय, त्यांनी कुठं सांगितलं—"

"तुम्ही थांबा," सिंधुबाई म्हणाल्या. त्या ठमाबाईकडे बघत होत्या. "तुझ्या तोंडाकडं बघून वाटलं, ही बाई खोटं बोलायची नाय. आताबी तेच वाटतंय."

सवितानं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. ठमाबाईचा चेहरा हलला नाही. ती उठली आणि घरात गेली. आम्ही बराच वेळ बसलो, ती बाहेर आली नाही. आतून चुलीचा धूर येत होता. निकिता दारापर्यंत गेली आणि परत आली. तिला आत जायचा धीर झाला नाही.

निघताना सवितानं सिंधुबाईंच्या हातात नागलीच्या पिठाची पिशवी दिली. "आईनं दिली," म्हणाली. "शुगरला चालतं का ते डॉक्टरला विचारून मगच खा, असंही सांगितलंय."

परतीच्या वाटेवर घाट उतरताना सिंधुबाई एकदम म्हणाल्या, "पोरी, तू माझा फोटो काढ."

निकितानं मागे वळून बघितलं. "कशाला?"

"त्या म्हातारीनंच खरं सांगावं म्हटलं, तर ती पुन्हा कॅमेऱ्यापुढं येणार नाय. मी येते. माझा पाय दाखव. म्हणावं, हे चूर्ण खाल्लं तर हे होतं."

"तुमचाही फोटो कुणी चोरला तर?"

"तोंड नको दाखवू. पाय दाखव. पायाला कोण ओळखतंय?"

सावळीराम खिडकीबाहेर बघत होते. "ती म्हणती तर करा," म्हणाले.

निकितानं खूप दिवस घेतले. तिला भीती होती की तोच पाय उद्या दुसरा कुणी 'आमच्या तेलाच्या आधी' म्हणून लावेल. शेवटी मनमाडला त्यांच्या घरी जाऊन तिनं ते टिपलं. सिंधुबाई बँडेज बदलत होत्या आणि बोलत होत्या, नुसता पाय आणि आवाज. पायाच्या बरोबर मधोमध, कापून काढता येऊ नये अशी, तिनं मोठी अक्षरं आडवी टाकली: 'गोळ्या सोडू नका.' नाशिक, मनमाड, येवला, मालेगाव भागातल्या ज्या वयाच्या लोकांना ती चूर्णाची जाहिरात दिसायची, त्याच लोकांना हे दिसेल अशी तिनं मांडणी केली. तिचा धंदा तिला येत होता.

लोकांनी शिव्याही दिल्या. औषध कंपन्यांची दलाल म्हणाले. एकानं लिहिलं, पाय पण कॉम्प्युटरवर केलाय. पण मग येवल्याच्या एका बाईचा आवाजातला निरोप आला, की माझी आई दोन महिने हेच खात होती, आज बंद केलं, दवाखान्यात नेतेय. मालेगावहून एक आला. निफाडहून दोघं भाऊ येऊन भेटले, त्यांचे वडील गेले होते. ते बोलले कमी. वडिलांचे कागद मात्र त्यांनी तक्रारीला जोडायला दिले. एकाच तक्रारीभोवती इतकी माणसं जमल्यावर तपासाला थोडा वेग आला. लांबच्या त्या गोदामातून कुणाला तरी पकडल्याचं पोलिसांनी कळवलं. तो नुसता पाकिटं भरणारा निघाला.

मराठी जाहिरात त्यानंतर दिसेनाशी झाली. पावसाळ्यात ती गुजरातीत आली. ठमाबाई गुजरातीतही तितकीच गोड बोलत होती.

पेठचा पाडा गुजरातच्या हद्दीपासून लांब नाही. सविता फोनवर सांगत होती, की आता शिवीगाळ करायला कुणी येत नाही. आता येतात ते औषध मागायला. पेठच्या बाजारात आईला ओळखतात. हात धरतात. एकदा धरमपूरकडचं एक जोडपं जीप करून थेट घरी आलं, सोबत आजारी म्हातारा. आई म्हणाली, मी औषध देत नाही, मला काही येत नाही. तर तो माणूस बायकोला म्हणाला, बघ, पैशाला हपापलेली नाही, म्हणजे खरी हीच. आणि अंगणात बसून राहिला.

"मग?" निकितानं विचारलं.

"मग आई चिडली. जोरात ओरडली त्यांच्यावर. म्हाताऱ्याला त्यांच्याच जीपमधून पेठच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. आता कुणी आलं की आई आधी भाकरी देते आणि मग दवाखान्याचा रस्ता दाखवते. पण ताई, ती दमते. बाजारात जायचं तिनं सोडलंय. तिला बाजार फार आवडायचा."

सवितानं तीन बायका घेऊन काम पुन्हा थोडं सुरू केलंय. पाकिटावर फोटो नाही, नुसतं नाव आणि नागलीच्या कणसाचं चित्र. ती पाकिटं मी छापतो. खप पूर्वीच्या निम्माही नाही.

सिंधुबाईंच्या पायाची जखम भरत आली, पण चालताना काठी लागते. निकिता महिन्यातून एकदा मनमाडला जाते. पाड्यावर ती त्यानंतर दोनदा गेली. दुसऱ्या वेळी ठमाबाई तिच्याशी बोलली. तिनं विचारलं, की ते चित्र आता कुठे कुठे आहे. निकिता तिला खोटं सांगू शकली असती. तिनं सांगितलं, मला माहीत नाही आजी, आणि सगळं काढता येईल असं वाटत नाही. ठमाबाईनं ऐकून घेतलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

गिऱ्हाइकं अजून येतात. परवा एक पैठणीवाले आले होते, त्यांना विणकराच्या आईचा फोटो साइटवर हवा होता. निकितानं विचारलं, "त्यांना विचारलंय का? कुठे कुठे दिसेल, किती दिवस, आणि चोरीला गेला तर काय होईल, ते सांगितलंय का?"

"एवढं कोण सांगतं मॅडम?" ते म्हणाले.

"मी येते सांगायला," ती म्हणाली. "मग त्या हो म्हणाल्या तर बघू."

ते विचार करून कळवतो म्हणाले आणि जिना उतरून गेले. अजून तरी त्यांचा फोन आलेला नाही.